रणगाडे मोजणाऱ्यांसाठी १९६५ ची गोष्ट

भारत-पाकिस्तान तणाव वाढला की दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर एक तक्ता फिरायला लागतो. डावीकडे तिरंगा, उजवीकडे हिरवा झेंडा. सैनिक इतके, रणगाडे इतके, विमानं इतकी, पाणबुड्या इतक्या. प्रत्येक ओळीत आपला आकडा मोठा. आणि खाली ठळक अक्षरांत, चार दिवसांत नकाशावरून पुसून टाकू. २०२५ च्या मे महिन्यात हा तक्ता मला किमान दहा-अकरा ग्रुपवर आला. त्यातला एक ग्रुप नळाला पाणी कधी येणार हे कळावं म्हणून काढलेला आहे.

तक्त्यातले आकडे ढोबळमानाने बरोबर असतात. माझं भांडण आकड्यांशी नाही. मला पडलेला प्रश्न साधा आहे. आपण इतके मोठे आहोत हे पाकिस्तानच्या लष्कराला माहीत नाही का? व्हॉट्सॲपवाल्यांपेक्षा त्यांच्याकडे नक्कीच जास्त अचूक आकडे असतात. तरीही १९४७ ला टोळीवाले त्यांनी पाठवले, १९६५ ला घुसखोर त्यांनी पाठवले, १९९९ ला कारगिलच्या शिखरांवर तेच येऊन बसले. तिन्ही वेळा ते आपल्यापेक्षा लहानच होते. मग लहान असलेला मोठ्याच्या अंगावर का येतो?

'त्यांना अक्कल नाही' हे उत्तर पारावर बसून द्यायला ठीक आहे. पण ज्यांची पोरं सीमेवर आहेत त्यांना ते पुरत नाही. आमच्या तालुक्यात असं गाव शोधून सापडणार नाही जिथून कुणी फौजेत नाही. त्यामुळे हा विषय आमच्याकडे टीव्ही बंद केला की संपत नाही.

उत्तर शोधायला १९६५ कडे जावं लागतं. आणि ती गोष्ट सुरू होते आपल्या यशवंतराव चव्हाणांपासून.

नोव्हेंबर १९६२. चीनकडून मार खाल्लेला. कृष्ण मेनन गेले आणि नेहरूंनी मुंबईहून यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावून घेतलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण सह्याद्रीने तिथे जाऊन नेमकं केलं काय, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांनी सैन्य वाढवायला घेतलं. १९६४ ते १९६९ अशी पाच वर्षांची संरक्षण योजना आखली गेली. खर्च सुमारे पाच हजार कोटी, त्या काळातले. सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत न्यायचं, डोंगरात लढणाऱ्या नव्या डिव्हिजन उभ्या करायच्या, हवाई दलाची ४५ स्क्वॉड्रन करायची. रशियाकडून मिग-२१ यायचे होते. चीनच्या भीतीने अमेरिका आणि ब्रिटनही मदत द्यायला लागले होते.

आपल्या दृष्टीने हे सगळं चीनसाठी होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. आता जरा रावळपिंडीत बसून बघा.

पाकिस्तानने १९५४ मध्ये अमेरिकेशी लष्करी मदतीचा करार केला होता. पुढच्या दहा वर्षांत त्यांना पॅटन रणगाडे मिळाले, सेबर विमानं मिळाली, थोडी स्टारफायटरही मिळाली. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या महायुद्धातले शर्मन होते आणि हवाई दलात व्हॅम्पायर नावाची जुनी विमानं अजून उडत होती. चांगलं सामान आपल्याकडे अजिबात नव्हतं असं नाही. सेंच्युरियन होते, नॅट होती. आणि कागदावर आपलं सैन्य मोठंच होतं. पण त्याचा मोठा हिस्सा चीनच्या सीमेवर गुंतलेला. म्हणजे पश्चिमेच्या आघाडीवर दोघं जवळपास बरोबरीत आले होते आणि सामानाच्या दर्जात काही ठिकाणी ते पुढे होते.

पण ही बरोबरी टिकणार नव्हती. चव्हाणांची योजना संसदेसमोर होती, वर्तमानपत्रांत छापून येत होती. १९६९ साल उजाडलं की अमेरिकेच्या देणगीवर उभं असलेलं वर्चस्व संपणार, हे पिंडीतल्या कुठल्याही स्टाफ ऑफिसरला कॅलेंडर बघून सांगता येत होतं. परराष्ट्रमंत्री झुल्फिकार अली भुट्टोंनी १९६५ च्या उन्हाळ्यात अयुब खानांपुढे हाच मुद्दा मांडला. आज आपली बाजू वरचढ आहे, भारत वेगाने शस्त्रं जमवतोय, उशीर केला तर संधी जाईल.

बांधावरची भांडणं बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. शेजाऱ्याचा थोरला पोरगा वकिली शिकून दोन वर्षांनी गावात येणार आहे असं कळलं, की बांध कोरणारा माणूस गप्प बसत नाही. तो याच उन्हाळ्यात नांगर घालतो.

बाकीच्या गोष्टी जुळून आल्या. मे १९६४ मध्ये नेहरू गेले. शास्त्रीजी दिसायला साधे, अंगाने लहान. त्यांच्याबद्दल पिंडीत काय बोललं जात असेल याची कल्पना करा. डिसेंबर १९६३ मध्ये हजरतबलच्या पवित्र केसाच्या चोरीवरून काश्मीर पेटलं होतं, त्यावरून तिकडचे लोक उठाव करतील असा त्यांचा समज झाला. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या. भारताने युद्ध न वाढवता लवादाला मान्यता दिली. त्याचा अर्थ अयुब खानांनी काढला की हे लढणार नाहीत. हिंदूंचं मनोधैर्य योग्य जागी, योग्य वेळी बसलेल्या दोन तडाख्यांपुढे टिकत नाही, अशा आशयाचं वाक्य त्यांच्या ऑगस्टमधल्या लेखी आदेशात आहे. देशाचा फील्ड मार्शल असल्या अंदाजावर सैन्य हलवत होता!

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे. ऑगस्टमध्ये ऑपरेशन जिब्राल्टर, काश्मिरात घुसखोर. लोकांनी उठाव केला नाही, उलट घुसखोरांची खबर दिली. १ सप्टेंबरला छांबमध्ये रणगाड्यांचा हल्ला, अखनूरचा पूल तोडायचा बेत. त्या दुपारी लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग चव्हाणांकडे गेले. विमानं वापरायची परवानगी त्यांनी काही मिनिटांत देऊन टाकली. संध्याकाळी पठाणकोटवरून उडालेली चार व्हॅम्पायर परत आली नाहीत. तो जुन्या सामानाचा हिशोब होता, आणि तो रक्तात चुकता झाला.

६ सप्टेंबरला भारताने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने सैन्य नेलं. हे त्यांच्या हिशोबात नव्हतं. काश्मीरची लढाई काश्मिरातच राहील, असं ते धरून चालले होते.

मग खेमकरण. असल उत्तर. उसाचे आणि कपाशीचे फड, कालवा फोडून शेतांत सोडलेलं पाणी, आणि त्या चिखलात रुतलेले पॅटन. ऊस माजला की फडात दोन पावलांवरचा माणूस दिसत नाही, हे आम्हा ऊसवाल्यांना माहीत आहे. त्याच उसात आपले शर्मन आणि सेंच्युरियन दबा धरून बसले होते. जुन्या शर्मनवर डेक्कन हॉर्सची पोरं होती. जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने हवालदार अब्दुल हमीद यांनी रणगाडे फोडले आणि तिथेच गेले. तीन दिवसांत पाकिस्तानचे नव्वदहून अधिक रणगाडे नाश पावले किंवा आपल्या हातात पडले. तिकडे सियालकोटच्या बाजूला फिल्लोऱ्यात पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर लढले आणि पुढे १६ तारखेला पडले. तक्त्यात पॅटन शर्मनच्या वरच होता. चिखल तक्त्यात नव्हता.

मला जास्त विचार करायला लावणारी गोष्ट युद्धाच्या शेवटाला आहे. शास्त्रीजींनी विचारलं, अजून काही दिवस लढलो तर मोठं यश मिळेल का? लष्करप्रमुखांनी सांगितलं की दारूगोळा बराच संपलाय, युद्धबंदी स्वीकारावी. नंतर संरक्षण मंत्रालयाच्याच युद्ध-इतिहासात नोंद झाली की आघाडीवरच्या दारूगोळ्यापैकी आपण तोवर १४ टक्क्यांच्या आसपासच वापरला होता. पाकिस्तानचा मात्र बहुतेक संपत आला होता आणि अमेरिकेने शस्त्रपुरवठा थांबवल्यामुळे नवा येत नव्हता. म्हणजे बावीस दिवस लढल्यानंतरही आपल्या कोठारात काय आहे हे आपल्यालाच धड कळलेलं नव्हतं.

लष्करी समतोल, समतोल म्हणतात तो असा असतो. दोन्हीकडचे लोक अंधारात चाचपडत एकमेकांचा आणि स्वतःचा अंदाज घेत असतात. युद्ध सुरू होतं ते त्या अंदाजावर. आणि १९६५ चं युद्ध सुरू झालं ते पाकिस्तान बलवान होता म्हणून नाही, त्याचं बळ थोड्या वर्षांत ओसरणार होतं म्हणून.

१९७१ ची गोष्ट उलटी आहे, थोडक्यात सांगतो. तिथे वेळ आपल्या बाजूने होती आणि आपण ती वापरली. मार्चमध्ये ढाक्यात कत्तल सुरू झाली, निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात गेली, तरी सैन्य डिसेंबरपर्यंत थांबलं. पावसाळा संपू दिला, बर्फाने हिमालयातल्या खिंडी बंद होऊ दिल्या म्हणजे चीन खाली उतरणार नाही, ऑगस्टमध्ये रशियाशी करार करून घेतला. पूर्वेकडे पाकिस्तानी फौज दीड हजार किलोमीटरवर एकटी अडकलेली. ३ डिसेंबरला त्यांनीच आपल्या विमानतळांवर पहिले बॉम्ब टाकले, कारण वाट बघण्यात त्यांचं आणखी नुकसान होतं. तेरा दिवसांत ९३ हजार कैदी.

त्यानंतर २८ वर्षं मोठं युद्ध झालं नाही. इथे तक्तेवाले म्हणतील, बघा, वर्चस्व मिळवलं की शांतता येते. अर्धं खरं आहे. उघड युद्ध थांबलं. पण हरलेल्याने त्या तेरा दिवसांतून धडा घेतला की मैदानात भारताशी जमणार नाही. जानेवारी १९७२ मध्ये, म्हणजे शरणागतीला महिना होतोय तोच, भुट्टोंनी मुलतानला शास्त्रज्ञांची बैठक घेऊन अणुबॉम्बचा विषय काढला. दुसरीकडे पंजाब आणि मग काश्मीर धुमसत ठेवण्याचा स्वस्त मार्ग त्यांनी धरला. रणगाड्यांच्या रांगेत आपण पुढे गेलो, तर त्यांनी ती रांगच सोडून दिली.

मे १९९८ मध्ये आपण पोखरणला स्फोट केले, त्याच महिन्यात त्यांनी चगाईला केले. तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांचा होतो आणि चौकात पेढे वाटलेले मला आठवतात. मोठमोठे लोक लिहीत होते, आता दोघांकडे बॉम्ब आला, आता युद्ध होणं शक्य नाही. वर्षभरात कारगिल झालं. वाजपेयी फेब्रुवारीत बसने लाहोरला जाऊन आले, आणि त्याच सुमारास मुशर्रफ यांची माणसं बर्फातून वर चढत होती. त्यांचा हिशोब असा की बॉम्बच्या भीतीने भारत युद्ध वाढवणार नाही, तेवढ्या आडोशाला शिखरं बळकावून घेऊ. त्यांचा अर्धा अंदाज बरोबर निघाला. आपण नियंत्रण रेषा ओलांडली नाही. पण त्या मर्यादेत राहून सैन्य समोरून चढलं. वरून गोळ्या येताना, खडा कडा चढत. ५२७ जवान गेले. बरोबरी आली म्हणजे शांतता आली, असं समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, आपण सगळं सैन्य सीमेवर नेलं. मुख्य फौज पोहोचायला तीनेक आठवडे लागले आणि तोवर अमेरिकेचा दबाव, मुशर्रफ यांचं टीव्हीवरचं भाषण, सगळं होऊन गेलं. दहा महिने फौज तिथे उभी. सुरुंग पेरताना, काढताना आणि अपघातांत युद्ध न होताच शेकडो जवान गेले. मग आपल्या सैन्याने झटपट घुसण्याची योजना आखायला घेतली. त्यावर उतारा म्हणून त्यांनी साठ किलोमीटर पल्ल्याचं नस्र नावाचं छोटं क्षेपणास्त्र काढलं, तेही अण्वस्त्र वाहणारं. एकाने कुलूप आणायचं, दुसऱ्याने किल्ली शोधायची, असं चाललंय.

आता २०२५. पहलगाममध्ये २२ एप्रिलला २६ माणसं मारली, त्यात आपल्या डोंबिवली, पनवेल, पुण्याचे सहा जण. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर. चार दिवस क्षेपणास्त्रं, ड्रोन, लढाऊ विमानं, तोफा. दोन्ही बाजूंचं सैन्य आपापल्या जागी, तरी पूंछमध्ये घरात झोपलेली साधी माणसं तोफमाऱ्यात गेली. १० तारखेला आपण त्यांच्या हवाई तळांवर मारा केला, त्यात रावळपिंडीचा नूर खान तळही आला. दुपारी त्यांच्या सैन्य मोहीम विभागाच्या महासंचालकांनी आपल्या महासंचालकांना फोन केला आणि संध्याकाळी पाचला गोळीबार थांबला. हा फोन दर आठवड्याच्या वापरातला आहे. कुठल्याही तक्त्यात तो नसतो.

त्या रात्रींत आमच्या धंद्यातल्या लोकांनी जे केलं त्याबद्दल लिहायला लाज वाटते, पण लिहितो. कराची बंदर उद्ध्वस्त झालं, इस्लामाबाद ताब्यात आलं, असं हिंदी-इंग्रजी वाहिन्यांनी रात्रभर दाखवलं. यातलं काहीच झालेलं नव्हतं. गावाकडची म्हातारी माणसं ते खरं धरून झोपली. ज्या आईचा मुलगा जम्मूला आहे तिला ही बातमी काय करते, याचा विचार स्टुडिओत कुणी केला असेल असं वाटत नाही. आपलीही विमानं पडली हे संरक्षण दलांचे प्रमुख जनरल चौहान यांनी मान्य केलं ते ३१ मेला, तेही सिंगापूरमध्ये परदेशी वृत्तसंस्थेला मुलाखत देताना. आकडा त्यांनी सांगितला नाही.

मला धोका इथे दिसतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना आज लोकांना वाटतंय की आपण जिंकलो. पाकिस्तानने जनरल असीम मुनीर यांना दहा दिवसांत फील्ड मार्शल केलं. त्या देशाच्या इतिहासात हा हुद्दा दोघांनाच मिळालाय, आणि पहिले होते अयुब खान. १९६५ नंतरही तिकडे असंच झालं होतं. लोकांना सांगितलं होतं की आपण जिंकतोय. ६ सप्टेंबर ते आजही संरक्षण दिन म्हणून साजरा करतात. मग ताश्कंदमध्ये काहीच पदरात पडलं नाही तेव्हा लाहोरात पोरं रस्त्यावर उतरली. आपण जिंकत होतो आणि टेबलावर हरलो, असा समज घेऊन एक पिढी वाढली.

आणि कॅलेंडर परत भिंतीवर लागलंय. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून सुदर्शन चक्राची घोषणा झाली, २०३५ पर्यंत देशभर संरक्षण कवच उभं करणार. त्याच्या एक-दोन दिवस आधी पाकिस्तानने नवा रॉकेट फोर्स जाहीर केला होता. नौदलासाठी २६ राफेलचा करार झालाय, हवाई दलासाठी आणखी ९७ तेजसचा झालाय. सिंधू करार आपण स्थगित ठेवलाय, पण पाणी अडवायला धरणं बांधावी लागतात आणि त्याला वर्षं लागतात. पाकिस्तानने पाणी तोडणं म्हणजे युद्ध समजू, असं आधीच म्हणून ठेवलंय. त्यांची पाचपैकी चार हिस्से शस्त्रखरेदी चीनकडून आहे, म्हणजे एका सौद्यात त्यांचा तक्ता बदलू शकतो. उद्या पिंडीत कुणी बसून पुन्हा तोच हिशोब मांडला, की दहा वर्षांनी आपलं काही चालणार नाही, जे करायचं ते आत्ता, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मग शस्त्रं घेऊ नयेत का? असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. व्हॅम्पायरमध्ये बसवून पोरांना सेबरसमोर पाठवण्याची वेळ परत कुणावर येऊ नये. चव्हाणांनी सैन्य वाढवलं नसतं तर १९६५ ला काय झालं असतं, हेही उघड आहे. पण आपली ताकद वाढत असतानाची मधली पाच-दहा वर्षं सगळ्यात नाजूक असतात. त्या काळात फोन चालू ठेवायचा असतो, समोरच्याचा अंदाज चुकणार नाही इतकं स्पष्ट बोलायचं असतं, आणि आपल्या घरात काय शिल्लक आहे, काय कमी पडलं, याचा खरा हिशोब ठेवायचा असतो. यातली शेवटची गोष्ट आपण सगळ्यात वाईट करतो.

कारगिलनंतर जुलै १९९९ मध्येच सरकारने के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली. तिने गुप्तचर यंत्रणा कुठे कमी पडल्या ते लिहिलं आणि अहवालाचा मोठा भाग लोकांना वाचायला मिळाला. त्याने सैन्याचं मनोधैर्य खचलं असं काही झालं नाही. २०२५ बद्दल जुलैमध्ये संसदेत चर्चा झाली, लांबलचक भाषणं झाली, कुणाच्या आजोबांनी काय केलं हेही निघालं. कारगिलसारख्या समितीची मागणी विरोधकांनी केली होती, त्या चर्चेतून ती काही निघाली नाही.

आता काही जण खाली लिहितील, पत्रकारा, तू कुणाच्या बाजूने? लिहा. फक्त त्याआधी एक तारीख बघा. २ सप्टेंबर १९६३. चीनकडून झालेल्या पराभवाला वर्षसुद्धा झालं नव्हतं, चीनची फौज सीमेवर उभी होती. हेंडरसन ब्रुक्स अहवाल गुप्त होता, आजही आहे. तरी त्या दिवशी यशवंतराव लोकसभेत उभे राहिले आणि प्रशिक्षण कुठे कमी पडलं, सामान कुठे कमी पडलं, वरिष्ठांचं नेतृत्व कुठे कमी पडलं, याचा सारांश त्यांनी देशापुढे वाचून दाखवला. ते निवेदन संसदेच्या कामकाजात छापलेलं आहे. सापडलं की कमेंटमध्ये टाकतो.